शिवाजीनगरचा पाऊस आणि मुठेचा पूर

जुलैत पुण्यात हमखास कानावर पडणारं एक वाक्य आहे, "एवढा कुठे पडलाय पाऊस?" डेक्कनवर छत्री उघडावी की नको अशी भुरभुर असते, लक्ष्मी रोडवर खरेदी चालू असते, आणि खाली भिडे पूल पाण्याखाली गेलेला असतो. नदीपात्रातला रस्ता बंद. झेड ब्रिजवर लोक गाड्या कडेला लावून गढूळ, फुगलेलं पाणी बघत उभे असतात, आणि त्यातलं कुणीतरी हे वाक्य बोलतंच.

पाऊस किती पडला की नदीत किती पाणी येईल, हा हिशेब मांडणं हे माझं रोजचं काम. पुस्तकात याला पाऊस-अपधाव प्रतिमान म्हणतात, ऑफिसात सगळे रनऑफ मॉडेलच म्हणतात. या कामात पंधराएक वर्षं घालवल्यावर मला एक गोष्ट पक्की कळली आहे. मॉडेल किती भारी आहे, कॉम्प्युटर किती मोठा आहे, यापेक्षा त्यात घातलेला पावसाचा आकडा कुठून आला, किती वाजता घेतला आणि तो कोणत्या जमिनीसाठी वापरला, यावर उत्तर ठरतं. झेड ब्रिजवरच्या त्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे.

२५ जुलै २०२४ ची सकाळ आठवा. शिवाजीनगरला २४ तासांत ११४ मिमी पाऊस झाला होता. शहराच्या मानाने तो मुसळधारच, पण त्याच २४ तासांत लवासाला ४५३ मिमी आणि ताम्हिणीला ५५६ मिमी पडला होता. लवासा मोसे नदीच्या खोऱ्यात, म्हणजे वरसगाव धरणाच्या वरच्या अंगाला येतं. ताम्हिणी तिथून जवळच, मुळशीच्या बाजूला. खडकवासला धरणातून ३५ हजार क्युसेकच्या (म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट) वर विसर्ग गेला आणि सिंहगड रस्त्यावर एकता नगरीतल्या सोसायट्यांत पहाटे पाणी शिरलं. त्या माणसांनी खिडकीतून पाहिलेला पाऊस आणि त्यांच्या जिन्यात चढलेलं पाणी यांचा संबंध थेट नव्हता. जिन्यात आलं ते पाणी चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या डोंगरात पडलेलं होतं.

आढं, पागोळ्या आणि पन्हळ

पाणलोट क्षेत्र समजून घ्यायला गावाकडचं कौलारू घर डोळ्यांसमोर आणा. वर आढं. आढ्याच्या अलीकडे पडलेला थेंब अंगणात येतो, पलीकडे पडलेला परसात. पागोळ्यांखाली पन्हळ लावली की त्या बाजूच्या छपरावरचं सगळं पाणी एका पिंपात जमतं. नदीच्या एखाद्या ठिकाणी ज्या जमिनीवरचं पाणी उतरून येतं ती सगळी जमीन म्हणजे त्या ठिकाणाचं पाणलोट. त्या छपराची पन्हळ म्हणजे नदी, आणि पिंप म्हणजे धरण.

सह्याद्रीचा घाटमाथा हे आपल्या घराचं आढं. माथ्याच्या पश्चिमेला पडलेलं पाणी कुंडलिकेसारख्या नद्यांतून अरबी समुद्राला मिळतं. पूर्वेला पडलेलं पाणी आंबी, मोसे आणि मुठेतून पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांत येतं, तिथून खडकवासल्यात, पुण्यात संगमावर मुळेला मिळून पुढे भीमेत, उजनीत आणि शेवटी कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरात. ढग चार-पाच किलोमीटर इकडेतिकडे सरकला तर पाणी कोणत्या समुद्राला जाईल हे बदलतं. हवामानाच्या अंदाजात चार-पाच किलोमीटरची चूक म्हणजे उत्तम अंदाज. आमच्या हिशेबात मात्र तेवढ्याने एक धरण भरतं किंवा रिकामं राहतं.

आता थोडं गणित. एक मिमी पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. शंभर चौरस किलोमीटरच्या पाणलोटावर एक मिमी म्हणजे दहा कोटी लिटर. शंभर मिमी पडला की हजार कोटी लिटर, म्हणजे टीएमसीचा (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) साधारण एक तृतीयांश. आपल्या चार धरणांची मिळून साठवण सुमारे २९ टीएमसी आहे. त्यात वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५, टेमघर ३.७१, आणि सगळ्यांच्या खालचं खडकवासला फक्त १.९७. विसर्गाचं मापही याच हिशेबात बसवून घ्या. दिवसभर सलग सुमारे ११,५७४ क्युसेक पाणी सोडलं की एक टीएमसी होतं. ३५ हजार क्युसेकने चोवीस तास सोडलं तर तीन टीएमसी, म्हणजे खडकवासला दीडदा भरून उरेल एवढं पाणी. वरची तीन धरणं भरत आली की खडकवासल्याला पाणी अडवून धरायला जागाच नसते, ते का, हे या आकड्यांवरून दिसेल.

पाऊस दुप्पट, पाणी चौपट

पडलेला सगळा पाऊस नदीत येत नाही. काही पानांवर अडतो, काही खाचखळग्यांत साचतो, काही जमीन पिते. उरतं ते वाहतं. सगळ्यात जास्त वापरली जाणारी एक साधी पद्धत अमेरिकेच्या मृदसंधारण खात्याने गेल्या शतकाच्या मध्यावर बसवली, तिला कर्व्ह नंबर म्हणतात. जमिनीला शून्य ते शंभर यांमधला एक आकडा द्यायचा. काँक्रीटचा आकडा शंभरच्या जवळ, दाट जंगल आणि भुसभुशीत माती यांचा बराच खाली.

आपण ७५ धरू. या पद्धतीप्रमाणे ५० मिमी पाऊस पडला तर साधारण ९ मिमी वाहतो. १०० मिमी पडला तर ४१ मिमी. पाऊस दुप्पट झाला आणि वाहणारं पाणी साडेचार पट. कारण पहिला पाऊस जमिनीची तहान भागवण्यात जातो आणि नंतरचा जवळपास सगळा वाहतो.

यातून पावसाच्या आकड्याचं महत्त्व कळतं. पाऊस मोजणाऱ्या मापकाने १०० ऐवजी ९० मिमी दाखवला, म्हणजे दहा टक्के कमी, तर वाहणारं पाणी ३४ मिमी निघतं, म्हणजे जवळपास अठरा टक्के कमी. पाऊस लहान असेल तर चूक आणखी वाढते. ५० च्या जागी ४५ मिमी नोंदला तर उत्तर पंचवीस टक्क्यांनी चुकतं. मॉडेलने काहीही चुकीचं केलेलं नसतं. आत गेलेली चूक फुगून बाहेर आलेली असते.

आणि फक्त आजचा पाऊस पुरत नाही, मागचाही लागतो. शेतकऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. मृगाचा पाऊस ढेकळात मुरतो आणि पुनर्वसूचा तरणा नि पुष्याचा म्हातारा पाऊस येईतो भाताची खाचरं तुडुंब असतात, बांधावरून पाणी सांडत असतं. कर्व्ह नंबरच्या पद्धतीत मागच्या पाच दिवसांचा पाऊस बघून जमीन कोरडी, मध्यम की चिंब ते ठरवतात. तीच ७५ ची जमीन कोरडी असेल तर आकडा ५७ धरतात, चिंब असेल तर ८८. १०० मिमी पावसातून कोरड्या जमिनीवर १५ मिमी वाहतो, चिंब जमिनीवर ६८. एकच डोंगर, एकच पाऊस आणि नदीत साडेचार पट फरक. मधल्या पाच दिवसांत एका मापकाची नोंद गहाळ झाली आणि कुणी त्या जागी शून्य भरलं, तर मॉडेलच्या लेखी चिंब डोंगर कोरडा होतो. रिकामा रकाना आणि शून्य पाऊस यांत केवढं अंतर आहे, हे नव्याने कामाला लागलेल्या मुलामुलींना मी पहिल्याच आठवड्यात सांगते.

सरासरीत पूर हरवतो

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा थांबून सांगते.

समजा पाणलोटाच्या अर्ध्या भागात १०० मिमी पडला आणि अर्धा भाग कोरडा राहिला. सरासरी ५० मिमी. मॉडेलला ५० दिले तर ते म्हणेल ९ मिमी वाहतील. पण खरं काय होईल? भिजलेल्या अर्ध्या भागातून ४१ मिमी वाहतील, कोरड्यातून काहीच नाही, म्हणजे पूर्ण पाणलोटावर पसरून साडेवीस मिमी. खरं पाणी दुपटीहून जास्त. पाऊस तेवढाच, बेरीजही तीच. फक्त तो सारखा पसरवल्यामुळे अर्ध्याहून अधिक पूर कागदावरून नाहीसा झाला.

पुण्याच्या पश्चिमेला पाऊस सारखा पसरतच नाही. शिवाजीनगरला वर्षाला सातशे मिमीच्या आसपास पाऊस होतो. तिथून पश्चिमेला निघालात तर घाटमाथ्यापर्यंत तो वाढत वाढत काही हजार मिमीवर जातो. समुद्रावरून आलेले ढग कड्याला धडकून वर चढतात, थंड होतात आणि माथ्यावर नि त्याच्या लगेच पलीकडे ओतून मोकळे होतात. पुण्याला पोचेतो उरलासुरला ओलावा. पानशेतच्या भिंतीवर उभं राहिलं की समोर शिरकोलीच्या बाजूला काळंकुट्ट दिसतं आणि भिंतीवर नुसती झिमझिम असते, हे तिकडे सहलीला गेलेल्या कुणीही पाहिलं असेल.

आता मापक कुठे असतो? जिथे माणूस रोज पोचू शकतो तिथे. धरणाच्या वसाहतीत, डाक बंगल्याशेजारी, रस्त्यालगतच्या गावात. म्हणजे बहुतेक पाणलोटाच्या खालच्या, कमी पावसाच्या टोकाला. डोंगराच्या वरच्या धारेवर जिथे खरा पाऊस पडतो तिथे ना रस्ता, ना मोबाइलची रेंज, ना पावसाळ्यात पाय ठेवायला सुकी जागा.

एका साध्या मापकाच्या नरसाळ्याचं तोंड १२७ मिमी व्यासाचं असतं. जेवणाच्या ताटात ठेवलेल्या मध्यम वाटीपेक्षा जरा मोठं. १०० चौरस किलोमीटरसाठी असा एकच मापक असेल, तर ते तोंड आपल्याहून सुमारे ७९० कोटी पट मोठ्या जमिनीच्या वतीने बोलत असतं. मापक दोन-चार असतील तर प्रश्न येतो की कुणाचा शब्द किती जमिनीवर चालवायचा. सरळ सरासरी घेता येते. थीसेन नावाच्या अमेरिकी हवामानतज्ज्ञाने १९११ मध्ये दुसरी वाट दाखवली, की जमिनीचा प्रत्येक तुकडा त्याच्या सर्वांत जवळच्या मापकाला जोडून द्या. सपाट मुलखात ही पद्धत छान चालते. घाटात नाही, कारण तिला अंतर दिसतं, उंची दिसत नाही. डोंगरात समपर्जन्य रेषा, म्हणजे सारखा पाऊस पडणाऱ्या जागा जोडणाऱ्या रेषा, हाताने, भूगोल लक्षात ठेवून काढणारी जुनी माणसं होती. त्यांचे नकाशे मी अजून जपून वापरते. आता उंची आणि धारेपासूनचं अंतर धरून पाऊस पसरवणाऱ्या सांख्यिकी पद्धती आहेत, पण त्यांनाही वरच्या बाजूला निदान एक-दोन खरे मापक लागतात.

उंबराखालचा मापक

काही वर्षांपूर्वी घाटमाथ्यालगतच्या एका लहान धरणाचा हिशेब माझ्याकडे आला होता. कुठलं ते सांगण्याची गरज नाही. पाणीपातळी रोज मोजलेली, सोडलेलं पाणी मोजलेलं, त्यामुळे धरणात येवा, म्हणजे वरून येणारं पाणी, किती आला हे मागे जाऊन काढता येत होतं. तो येवा आणि पाणलोटावर पडलेला पाऊस शेजारी मांडला, तर जुलै-ऑगस्टमध्ये पडलेल्या पावसाहून धरणात आलेलं पाणी जास्त निघालं. रुपयाला सव्वा रुपया. निसर्गात असं होत नाही. दोनदा तपासलं. गणित बरोबर होतं.

मग जाऊन बघितलं. मापक शाळेच्या आवारात होता. पितळी कड चकचकीत घासलेली, कुंपणाला नवीन तार. नोंदी ठेवणारे काका पासष्टीचे, रोज सकाळी साडेआठला हजर. त्यांनी माझ्यासमोर नरसाळं काढलं, आतली बाटली उचलली, काचेच्या मोजपात्रात पाणी ओतलं, डोळा पाण्याच्या पातळीला आणून खालच्या कडेवर वाचन घेतलं आणि वहीत लिहिलं. अगदी पुस्तकात लिहिलंय तसं. बाटली भरून बाहेरच्या डब्यात सांडलेलं पाणीही त्यांनी न विसरता मोजलं. "ताई, वीस वर्सात एक दिस चुकवला नाय," ते म्हणाले, आणि वहीवरून ते खरं दिसत होतं.

मापकापासून चार-पाच पावलांवर उंबर होता. चांगला तिसऱ्या मजल्याएवढा. पश्चिमेकडून येणारा तिरपा पाऊस आधी उंबराला लागत होता आणि मापकाला उरेल तो. "ह्यो? ह्यो मी बसवलं तवा माज्या कमरेएवढा हुता." नियम असा आहे की जवळच्या झाडाच्या किंवा भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर मापक हवा. मापक बसवला तेव्हा तो नियम पाळलेलाच होता. नंतर झाड वाढलं. कुणाचीच चूक नव्हती आणि वीस वर्षांचा पाऊस हळूहळू कमी होत गेला होता.

खरा घोळ पुढे होता. त्या धरणासाठी आधी कुणीतरी मॉडेल बसवलं होतं आणि ते चांगलं जुळत होतं. कसं काय? मॉडेल बसवताना त्याच्या आतले आकडे, म्हणजे जमीन किती पाणी पिते, उतारावरून पाणी किती वेगाने येतं वगैरे, खऱ्या येव्याशी उत्तर जुळेपर्यंत फिरवत राहतात. याला कॅलिब्रेशन म्हणतात. पाऊस कमी आणि येवा जास्त असल्यामुळे त्या मॉडेलने आपली जमीन जवळजवळ फरशीसारखी करून घेतली होती. पडलेला थेंब न् थेंब वाहून येतो असं ते मानत होतं. उत्तर बरोबर, कारण चुकीचं. मापक मोकळ्या जागी हलवल्यावर पावसाचे आकडे खरे झाले, वाढले, आणि त्याच मॉडेलने अवाच्या सवा पूर दाखवायला सुरुवात केली. सगळं पुन्हा बसवावं लागलं. तेव्हापासून नवीन मॉडेल हातात घेतलं की मी आधी वर्षाचा जमाखर्च मांडते. पाऊस किती, येवा किती, बाष्पीभवनाला काही उरतंय का. तो जमत नसेल तर पुढे जात नाही.

किती वाजता पडला

साध्या मापकाचं वाचन दिवसातून एकदा, सकाळी साडेआठला. २५ तारखेच्या सकाळचा आकडा २५ च्या नावावर लागतो, पण त्यातला बहुतेक पाऊस २४ तारखेला पडलेला असतो. उपग्रहाच्या नोंदीत दिवस बऱ्याचदा ग्रिनिचच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो. हे दोन्ही आकडे तारीख बघून शेजारी ठेवले की पाऊस आधी की पूर आधी, अशी गंमत होते. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत एक अख्खा पावसाळा एका दिवसाने सरकवून बसले होते आणि नदी पावसाच्या आधी कशी चढते म्हणून आठवडाभर डोकं धरलं होतं.

सकाळी सहा ते अकरा धुवांधार १२० मिमी पडला असं समजा. साडेआठला तो कापला जातो. ६० या तारखेला, ६० पुढच्या. मॉडेलला दोन बऱ्यापैकी पावसाचे दिवस दिसतात. नदीला पाच तासांत एक तडाखा बसलेला असतो.

मोठ्या खोऱ्यात, जिथे पाणी यायला दोन-तीन दिवस लागतात, तिथे रोजचा आकडा चालून जातो. उजनीच्या येव्याचा अंदाज रोजच्या पावसावर बऱ्यापैकी बांधता येतो. पण खोरं जेवढं लहान तेवढं घड्याळ बारीक हवं. ताशी दहा मिमी पाणी पिऊ शकणारी जमीन घ्या. ६० मिमी दिवसभर संततधार पडला तर ताशी अडीच मिमी, तो सगळा आरामात मुरेल. तोच ६० मिमी एका तासात कोसळला तर ५० मिमी वाहील. वहीत दोन्ही दिवशी ६० असंच लिहिलेलं असणार.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र हीच होती. कात्रजच्या डोंगरात संध्याकाळनंतर ढग साचले आणि आंबील ओढ्याला काही तासांत पूर आला. टांगेवाले कॉलनी, अरण्येश्वर परिसर, ओढ्याकाठच्या सोसायट्यांच्या भिंती कोसळल्या. शहर आणि आसपास वीसहून अधिक माणसं गेली. तिथे पानशेत, खडकवासला, विसर्गाचा इशारा यांतलं काहीच मध्ये नव्हतं. उघडा डोंगर, उतारावर वाढलेली वस्ती, आखडलेला ओढा आणि थेट घरात येणारं पाणी. अशा ओढ्यासाठी एकोणिसाव्या शतकात मलव्हनी या आयरिश अभियंत्याने मांडलेलं सूत्र अजून वापरतात: पावसाचा ताशी जोर, पाणलोटाचं क्षेत्र आणि वाहणारा हिस्सा यांचा गुणाकार. दहा चौरस किलोमीटर, ताशी ६० मिमी आणि त्यातला सत्तर टक्के वाहिला तर चार हजार क्युसेकच्या वर पाणी. एवढ्याशा ओढ्याला! पण या सूत्रात ताशी जोर घालायला तासाचा पाऊस मोजलेला हवा. साडेआठच्या वाचनातून तो निघत नाही. त्यासाठी आपोआप नोंदणारे मापक लागतात, आणि त्या विशिष्ट डोंगरावर लागतात.

आपोआप नोंदणाऱ्या मापकात एक चिमुकली तराजूसारखी डोलणारी बादली असते. ठरावीक पाणी भरलं की ती कलते, रिकामी होते आणि एक टिचकी नोंदवते. मुसळधारेत ती कलत असतानाच पाणी बाजूने निसटतं, म्हणजे ज्या वेळी आकडा सर्वांत जास्त लागतो त्याच वेळी तो कमी येतो. नरसाळ्यात पान किंवा कोळ्याचं जाळं अडकलं तर धो धो पावसात संथ रिमझिम दिसत राहते. म्हणून शेजारच्या साध्या मापकाशी रोज ताळा करणारा माणूस लागतोच.

आकाशातून बघितलं तर

साहजिक प्रश्न येतो की उपग्रह आणि रडार असताना पितळी नरसाळ्यांवर का अवलंबून राहायचं. त्यांचा मोठा उपयोग आहे, विशेषतः जिथे मापकच नाहीत तिथे. २०१४ पासून फिरणाऱ्या, पाऊस मोजणाऱ्या जीपीएम उपग्रहामुळे आणि त्याच्या जोडीच्या इतर उपग्रहांमुळे दर अर्ध्या तासाचा, साधारण दहा किलोमीटरच्या चौकटीतला पाऊस मिळतो. पण आपल्या घाटातला पाऊस त्यांना फसवतो. उपग्रह उंच, थंड माथ्याचे ढग बघून मोठा पाऊस ओळखतात, आणि सह्याद्रीतला ढग बहुधा बुटका, उबदार माथ्याचा असतो. डोंगराला चिकटून तो दिवस दिवस ओततो आणि वरून बघताना फारसा गंभीर दिसत नाही. रडारचा झोत डोंगराआड अडतो किंवा बुटक्या ढगावरून निघून जातो. मांढरदेवीसारख्या उंच जागी पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने रडार बसवलं, त्यामागे ही दरी भरून काढण्याचा विचार आहे.

पुण्याच्या हवामान विभागाने देशभरच्या मापकांवरून अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाच्या चौकटींत पावसाचा दैनंदिन संच तयार केला आहे. देशभरच्या अभ्यासाला तो अमोल आहे. पण पाव अंश म्हणजे साधारण २६-२७ किलोमीटर बाजूचा चौकोन, सुमारे सातशे चौरस किलोमीटर. घाटमाथ्यापासून खडकवासल्यापर्यंतचा उतार अशा एक-दोन चौकोनांत संपतो. म्हणजे ज्या तीस किलोमीटरमध्ये पाऊस कित्येक पट बदलतो, तिथे मॉडेलला एक-दोनच आकडे मिळतात, आणि सरासरीत पूर हरवण्याची गोष्ट पुन्हा घडते.

या ओघात पानशेतबद्दल एक गोष्ट बोलून टाकते. १२ जुलै १९६१ चा पूर पुण्याच्या मनात सगळ्यांत मोठा आहे आणि असायलाच हवा. पण तो धरण फुटल्याचा पूर होता, साठलेलं पाणी एकदम सुटल्याचा. पावसाच्या नोंदीवरून शंभर वर्षांतला मोठा पूर काढताना तो आकडा बाकीच्या पुरांच्या रांगेत बसवला, तर सगळं गणित वाकडं होतं. आकडा खरा असला तरी तो कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे हे बघावं लागतं.

रात्रीचा हिशेब

पुराच्या रात्री पडलेला पाऊस बघून चालत नाही, कारण मोजून होईतो पाणी निघालेलं असतं. घाटमाथ्यावर पडलेलं पाणी वरच्या धरणांत काही तासांत पोचतं. म्हणून पुढच्या तासांचा अंदाजातला पाऊस मॉडेलला द्यावा लागतो. अंदाजाचं एकच चित्र घेतलं तर ढग धारेच्या या बाजूला की त्या बाजूला, यावर सगळं उत्तर झोकांड्या खातं. म्हणून हल्ली तोच अंदाज थोडा थोडा बदलून वीस-तीस वेळा चालवतात. काहींत पाऊस कुंडलिकेत जातो, काहींत मोसे नदीत, काहींत दोन्हीकडे वाटला जातो. उत्तर एका आकड्यात येत नाही. पहाटे चारपर्यंत येवा अमुक ते तमुक हजार क्युसेकच्या दरम्यान आणि मोठ्या आकड्याची शक्यता दहात तीन, अशा रूपात ते येतं.

धरणाची दारं चालवणाऱ्या माणसासाठी हे सोपं नाही. आत्ता सोडलं तर डेक्कनपर्यंत नदीकाठ ओला होणार, आणि पाऊस आलाच नाही तर पाणी वाया घालवलं म्हणून बोल लागणार. धरून ठेवलं आणि पाऊस आला तर पहाटे एकदम दुप्पट सोडावं लागणार, तेव्हा लोक झोपेत असणार. उत्तराच्या दोन टोकांमधलं अंतर जेवढं मोठं, तेवढी त्याची अडचण मोठी. हे अंतर कमी करायचा सर्वांत खात्रीचा उपाय मला अजून एकच माहीत आहे. रात्री अडीच वाजता वरच्या धारेजवळच्या एखाद्या चालू मापकाने सांगितलेला ताजा आकडा, की गेल्या तासात इथे एवढा पडला. तो आला की वीस-तीस चित्रांपैकी निम्मी बाद होतात आणि पहाटे चारची उरलेली उत्तरं बरीच जवळ येतात.